सर, ती नवी सेमी-ऑटो रायफल आपल्याकडं मिळेल का?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतोय:

"नमस्कार सर. मी जुळे सोलापूरला राहतो, वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल मारतोय, क्लबचीच जुनी रायफल आहे आणि ६० शॉटचा स्कोर दशांश धरून ५९५ च्या आसपास अडकलाय. परवा मोबाईलवर एका बाहेरच्या कंपनीच्या नव्या सेमी-ऑटोमॅटिक प्रिसिजन रायफलचा फर्स्ट लुक बघितला. फ्री-फ्लोट बॅरल, ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक, टू-स्टेज ट्रिगर, मझल ब्रेक, सगळीकडून हलवता येणारा स्टॉक, ६.५ क्रीडमूर, वर एक एमओएची गॅरंटी. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ह्यातलं खरं किती आणि जाहिरात किती? आपल्याकडं ती मिळेल का? एक मित्र म्हणतो लायसन्सची भानगड कशाला, सुटे पार्ट मागवता येतात. अण्णा गारमेंटमध्ये कटिंग मास्टर आहेत, ते म्हणतात एफडी मोडतो पण तुला चांगली रायफल घेऊन देतो. काय करू?"

बाळा, तुझ्या मित्राचं ते वाक्य वाचून मला धडकीच भरली, म्हणून बाकीचं सगळं ठेवतो बाजूला आणि आधी तिथनं सुरू करतो. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये फायरआर्म म्हणजे नुसती अख्खी जोडलेली बंदूक नाही, तिचे पार्ट पण फायरआर्ममध्येच धरलेत, आणि आवाज किंवा फ्लॅश कमी करायला नळीच्या तोंडाला लावायची जी वस्तू असते ती पण. म्हणजे कुरिअरनं बॅरल आलं काय आणि ट्रिगर ग्रुप आला काय, कायद्याच्या नजरेत तू बंदूकच मागवलीस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रोहिबिटेड, म्हणजे सर्वसामान्यांना बंदी असलेलं, हत्यार विनापरवाना जवळ सापडलं तर शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आहे, कमीत कमी हां, आणि वर १४ पर्यंत जाते. तू १९ चा आहेस. सुटशील तेव्हा २६ चा असशील आणि अण्णांची एफडी वकिलात गेलेली असेल. त्या मित्राला हे पत्र दाखव, आणि त्यानं काही मागवलं असेल तर आजच घरच्यांना सांगून त्यातनं बाहेर पड म्हणावं.

आता मिळेल का, तर नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडं प्रोहिबिटेड वर्गात येते, त्याचं लायसन्स ना सोलापूरचं पोलीस आयुक्तालय देऊ शकतं ना ग्रामीणसाठी जिल्हाधिकारी कचेरी, ते प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडं जातं आणि सर्वसामान्य माणसाला छंद म्हणून ते मिळत नाही. कॅलिबर बदललं म्हणून पण सुटका नाही. .३०८ घेतली तर ते आपल्या फौजेच्या ७.६२ चंच भावंड, म्हणून ते वेगळं प्रोहिबिटेड, आणि ६.५ क्रीडमूर फौजेचं काडतूस नसलं तरी रायफल सेमी-ऑटो आहे म्हणून ती अडकतेच. शिवाय स्वतःच्या नावावर कुठलंही लायसन्स घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. हे मी तुला नाराज करायला नाही सांगत, पण खोट्या आशेवर तू सहा महिने घालवशील ते मला बघवणार नाही.

पण तुझा दुसरा प्रश्न, खरं किती आणि जाहिरात किती, तो मला लई आवडला. बघून झोप उडणं यात चुकीचं काहीच नाही. मी फौजेत बरीच वर्षं ड्रॅगुनोव्हवर काढलीत, ती पण सेमी-ऑटो प्रिसिजनच, सोव्हिएत रशियानं १९६३ साली स्वीकारलेली, १० राउंडचं मॅगझिन, ७.६२ बाय ५४ चं काडतूस. पहिल्यांदा हातात आली त्या रात्री मला पण झोप लागली नव्हती. म्हणून एकेक फीचर घेऊन बोलू.

फ्री-फ्लोट बॅरल. हे शंभर टक्के खरं आहे, जाहिरात नाही. तू पंढरपूरच्या वारीत टाळ बघितलेत ना, दोरीला धरून वाजवला तर खणखणीत वाजतो आणि कडेला बोट लागलं की बद्द आवाज. नळीचं तसंच आहे. गोळी नळीतून जाते तेव्हा नळी थरथरते, आपल्याला दिसत नाही पण थरथरते, आणि ती थरथर दरवेळी एकसारखी झाली तरच गोळी दरवेळी एका जागी जाते. पुढच्या हँडगार्डचं लाकूड नाहीतर ॲल्युमिनियम नळीला टेकत असलं की तू हात किती दाबलास, बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर, किती वजन टाकलंस, बेल्ट किती ओढलास, ह्या सगळ्यावर ती थरथर बदलते. म्हणून नळी फक्त मागच्या बाजूला, रायफलीच्या धडात म्हणजे रिसीव्हरमध्ये धरायची आणि पुढं सगळी मोकळी सोडायची. बघायची पद्धत सोपी आहे, कागदाची पट्टी नळी आणि हँडगार्डच्या मधून सरकवायची, कुठं अडकली नाही म्हणजे झालं.

गॅस ब्लॉकचं जरा सविस्तर सांगतो कारण सेमी-ऑटोचा जीव तिथंच आहे. गोळी नळीतून पुढं जाताना वाटेत एका बारीक भोकावरून जाते, तिच्या मागचा थोडा गॅस त्या भोकातनं बाहेर पडतो, तो बोल्टला, म्हणजे काडतुसामागं नळी बंद करणाऱ्या लोखंडी तुकड्याला, मागं ढकलतो, काडतुसाची रिकामी केस बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुढं आणते आणि येता येता तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत घेऊन येतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं. गॅस कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातून परत येतो आणि केस तिथंच अडकते. जास्त झाला तर बोल्ट मागं धाडकन आपटतो, रायफल हिसका मारते, केसची कड फाटते, आणि पुढच्या शॉटला तुझी शिस्त परत पहिल्यापासून घ्यावी लागते. म्हणून किती गॅस घ्यायचा ते ठरवायची सोय दिलेली असते. ही काही नवीन आयडिया नाही हां. ड्रॅगुनोव्हला पण दोन पोझिशनचा रेग्युलेटर आहे आणि तो फिरवायला वेगळं हत्यार लागत नाही, काडतुसाच्या बुडाची कड त्याच्या खाचेत घालायची आणि फिरवायचा. वाळूत रायफल घाण झाली की आम्ही एकवरून दोनवर न्यायचो. मला आजही तो कट्‌ आवाज आठवतो, आणि उन्हात ते लोखंड एवढं तापलेलं असायचं की दुसऱ्या हातानं रुमाल गुंडाळून धरावं लागायचं. नव्या रायफलीत दोनाच्या जागी आठ-दहा पायऱ्या असतील, पण काम तेच.

मझल ब्रेक पण खरा. नळीच्या तोंडाशी गॅस बाजूला फेकून तो मागचा धक्का कमी करतो आणि त्यामुळं स्कोपमधून नजर हलत नाही, आपली गोळी कुठं लागली ते आपल्यालाच दिसतं. फक्त शेजारी झोपलेल्या माणसाच्या कानाचं आणि डोळ्याचं काही खरं नाही, सगळा आवाज आणि धूळ त्याच्याकडं जाते.

६.५ क्रीडमूर २००७ चं आहे, .३०८ विंचेस्टर १९५२ चं. ६.५ ची गोळी बारीक आणि लांबट, वारा कमी खाते, वेग लांबपर्यंत टिकवते, म्हणून ५००-८०० मीटरवर तिचा फायदा दिसतो. १०० मीटरवर विशेष काही नाही.

आता एक एमओए. इथं मात्र नीट ऐक, कारण इथं जाहिरात सुरू होते. एमओए हे गोळ्या किती पसरतात त्याचं माप, एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर, दहा रुपयाचं नाणं २.७ चं असतं म्हणजे त्याहून जरासं मोठं. ५०० मीटरवर तेच साडेचौदा सेंटीमीटर होतं. कंपनी म्हणते आमची रायफल एक एमओए देते, तेव्हा बारीक अक्षरात बघायचं की किती गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एका निशाण्यावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका. बहुतेक वेळा तीन नाहीतर पाच, मॅच ग्रेडचं काडतूस, खाली बायपॉड, मागं सँडबॅग. तीन गोळ्या जवळ जवळ लागणं आणि साठ लागणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेमी-ऑटोला बोल्ट ॲक्शनची, म्हणजे दर शॉटला बोल्ट हातानं ओढायच्या रायफलीची, बरोबरी करणं अवघड जातं त्याला पण कारणं आहेत. काडतूस आपोआप आत-बाहेर व्हायचं म्हणजे चेंबर, नळीत काडतूस बसायची जागा, थोडा सैल ठेवावा लागतो, नळीवर गॅसचं सामान लटकतं, आणि दर शॉटला आत एवढा मोठा लोखंडाचा तुकडा पुढं-मागं धावतो. ती बरोबरीच्या जवळ आणली असेल तर त्या इंजिनिअरांचं कौतुक आहे, मी मनापासून म्हणतो. बदल्यात काय मिळतं, तर बोल्ट ओढायला हात ट्रिगरवरून काढावा लागत नाही आणि गाल स्टॉकवरून उठत नाही. फौजेतल्या माणसाला दुसरा शॉट लगेच लागतो, त्याच्यासाठी हे सोनं आहे.

आता तुझ्याकडं येऊ. कागद-पेन घे.

१० मीटरच्या टारगेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. पेलेट, म्हणजे एअर रायफलचा छर्रा, साडेचार मिलिमीटर. ठिपक्याला पेलेटची कड लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पाहिजे. सगळे साठ शॉट दहाचे आले म्हणजे साठही पेलेटची केंद्रं पाच मिलिमीटरच्या वर्तुळात आली. हेच १०० मीटरवर ताणलं तर पाच सेंटीमीटर. आता विचार कर, त्या फर्स्ट लुकमधला माणूस झोपून, बायपॉडवर, स्कोप लावून, पाच गोळ्या २.९ सेंटीमीटरमध्ये मारतो आणि त्याचं नाव होतं. आणि तू उभ्यानं, कशाचा आधार नाही, स्कोप नाही, सव्वा तासात साठ शॉट त्याच हिशोबानं पाच सेंटीमीटरमध्ये मारायला बघतोयस. ५९५ म्हणजे सरासरी ९.९ च्या वर आहेस तू. हे कमी नाहीये रे! वरच्या लेव्हलची पोरं ६३० च्या पुढं जातात हे खरं, पण ती पोरं पण कधीतरी ५९५ वर अडकली होती.

आणि अजून एक, ऑलिम्पिकमध्ये रायफलची एकही इव्हेंट सेमी-ऑटोची नाही. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं ते ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं), .२२ च्या रायफलवर, एकेक गोळी हातानं भरून, फायनलला ४५१.४. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या मेडलनंतर महाराष्ट्राचं तेच पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती पण ५० मीटर प्रोनला, म्हणजे झोपून, तसंच एकेक गोळी. सेमी-ऑटोच खेळायचं असेल तर तो रस्ता २५ मीटर पिस्तूलचा आहे, राही सरनोबतचा, .२२ चं पिस्तूल, पाच-पाच राउंड. सेमी-ऑटो पिस्तुलाचा कायद्यात वर्गच वेगळा आहे, रायफलीसारखी अडचण नाही.

तुझ्या पत्रातले दोन फीचर मी मुद्दाम मागं ठेवले, टू-स्टेज ट्रिगर आणि हलणारा स्टॉक. का, तर ते तुझ्या क्लबच्या रायफलीत आत्ता, ह्या क्षणाला आहेत. तसल्या सेमी-ऑटोचा चांगला ट्रिगर दीड-दोन किलोवर सुटतो. तुझ्या मॅच एअर रायफलचा १०० ग्रॅमच्या आसपास असतो. पहिला टप्पा मोकळा, मग बोटाला भिंत लागते, तिथं थांबायचं, आणि मग भिंतीवर बोट एवढं हळू ठेवायचं की शॉट गेल्यावर आपल्यालाच वाटावं, अरे, गेला की. माझ्याकडं येणाऱ्या पोरांतली निम्मी पोरं भिंतीपर्यंत पोचतच नाहीत, दोन्ही टप्पे एका दमात ओढतात, आणि मग स्कोर अडकला की रायफलीला दोष देतात. तू कुठल्या निम्म्यात आहेस ते तुझं तुला बघावं लागेल. डोळे मिट, ड्राय-फायरची, म्हणजे पेलेट न भरता खटका ओढायची, सेटिंग कर (ती सेटिंग असेल तरच, नसेल तर रिकामा खटका दाबायचा नाही), आणि वीस वेळा नुसती भिंत शोध. शॉट सोडूच नको.

स्टॉकचं पण तेच. क्लबची रायफल ज्यानं त्यानं आपल्या मापाची करून ठेवलेली असते, तू जाऊन तशीच उचलतोस ना? बट (स्टॉकचा मागचा भाग) किती लांब, चीकपीस (गाल टेकवायचा तुकडा) किती वर, बटप्लेट (खांद्याला लागणारी पट्टी) किती खाली, हे तुझ्या अंगाचं माप आहे. अण्णांना विचार, दुसऱ्याच्या मापाचा शर्ट पोरगं किती दिवस घालेल. ते कटिंग मास्टर आहेत, त्यांना घेऊन जा क्लबला, टेप घेऊन! मी खरंच सांगतोय, मापाची नजर असलेला माणूस उपयोगाचा असतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल आरामात टेकव, मान वाकवायची नाही, मग डोळे उघड. समोर साइटचं गोल एकदम मध्ये दिसलं तर चीकपीस बरोबर आहे. वर-खाली दिसलं तर चीकपीस हलवायचा, मान नाही. सगळी मापं वहीत लिहून ठेव, चीकपीसच्या दांड्यावर पेन्सिलीची खूण कर आणि दरवेळी तिथंच आण. ड्रॅगुनोव्हला बटावर गालासाठी एक छोटी गादी क्लिपनं लावायची असते, आमच्यातल्या एकाची ती हरवली तर त्यानं पट्टी गुंडाळून तेवढीच उंची करून घेतली होती, कारण गाल दोन मिलिमीटर खाली गेला की त्याचा ग्रुप फुटायचा.

एफडीचं. आत्ता मोडू नका. मॅच एअर रायफल लाखांत जाते, आणि तुझी मापं ठरल्याशिवाय घेणं म्हणजे अंदाजानं कापड फाडणं. तीन महिने क्लबच्याच रायफलवर वर सांगितलेलं कर. पैसे घालायचेच असतील तर आधी जॅकेट आणि बूट स्वतःचे घे, त्यानं उभं राहणं सुधारतं. .१७७ इंची नळीची आणि पेलेटचा जोर २० जूलच्या आत असलेली एअर रायफल असेल तर लायसन्स लागत नाही, म्हणून पुढं घ्यायची तेव्हा घेता येईल, घाई नाही. सेकंडहँड घेणार असाल तर हवेच्या सिलेंडरवरची तारीख आधी बघायची. त्याचं आयुष्य कंपन्या १० वर्षांचं देतात आणि तारीख गेलेला सिलेंडर मॅचला चालत नाही. एका विक्रेत्याकडून माझ्या एका पोरानं रायफल घेतली, वरून चकाचक, आणि सिलेंडर संपून दोन वर्षं झालेली, ते पोरगं स्पर्धेच्या आदल्या दिवशी रडत माझ्याकडं आलं. आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात, ४३ डिग्रीत, २०० बार दाबानं भरलेला सिलेंडर गाडीच्या डिकीत ठेवून होटगी रोडला नाश्त्याला थांबायचं नाही. कितीही भूक लागली तरी नाही.

आणि ती रायफल शेतात नेऊन पाखरांवर मारायची नाही, तुझा तो मित्र ते पण सुचवेल. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे आपल्याकडं, काळवीट आहेत, १९७२ चा वन्यजीव कायदा एअरगनला पण लागतो. पेलेट रेंजवरच सुटली पाहिजे.

फर्स्ट लुक बघत जा, मनापासून बघत जा. पुढच्या वेळी बघताना मात्र आवाज बंद करून त्या माणसाचा गाल बघ, शॉट गेल्यावर किती वेळ स्टॉकवर राहतो ते मोज. मग रविवारी क्लबमध्ये कुणाला तरी तुझा मोबाईलवर काढायला सांग, बाजूनं, चेहरा आणि ट्रिगरचं बोट दिसेल असं, दहा शॉट. ते बघून मला तीन गोष्टी लिहून पाठव, शॉटनंतर गाल किती सेकंद टेकलेला होता, भिंतीवर बोट थांबलं का नाही, आणि क्लबच्या सिलेंडरवर तारीख काय आहे.